साठेखताला तीस वर्षं: ओस्लो कराराच्या साक्षीदारांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिका, रशिया, इजिप्त, जॉर्डन, नॉर्वे आणि युरोपीय संघ
(२८ सप्टेंबर १९९५ च्या इस्रायली-पॅलेस्टिनी अंतरिम कराराचे साक्षीदार)
तसेच कतार आणि तुर्कस्तान
(१३ ऑक्टोबर २०२५ रोजी शर्म अल-शेख येथे अमेरिका व इजिप्तसोबत सह्या करणारे)

विषय: कराराची अंमलबजावणी कोण तपासणार, याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी अलिबागचा दस्तलेखक. दुय्यम निबंधक कार्यालयाजवळच्या एका गाळ्यात बसून अडतीस वर्षं खरेदीखतं, साठेखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहीत आलो आहे. तुमच्यासारख्या सरकारांना पत्र लिहायचा माझा अधिकार एवढाच, की तुम्ही वॉशिंग्टनला ज्या कागदावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या, त्या जातीचा कागद माझ्या हाताखालून रोज जातो. असा कागद कुठं फाटतो ते मला माहीत आहे.

दुसरं कारण घरचं आहे. आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतला माझा बालमित्र १९७१ साली आईवडिलांबरोबर इस्रायलला गेला. बेने इस्रायल समाजाचं घराणं. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. तो आता लोदला राहतो. त्याच्या घरी अजून मराठी चालते, नवस फेडायला मलिदा होतो, आणि सायरन वाजला की नातवंडांना उचलून तो घरातल्या काँक्रीटच्या खोलीत नेतो. त्यामुळे तिकडची बातमी आली की मी ती परदेशची म्हणून वाचू शकत नाही.

साठेखत म्हणजे काय, ते आधी सांगतो. साठेखत म्हणजे खरेदीचा करार, प्रत्यक्ष खरेदी नव्हे. विसार दिला, थोडा ताबा दिला, उरलेलं अमुक तारखेपर्यंत पुरं करू आणि मग खरेदीखत करू, असं दोघांनी लिहून दिलेलं असतं. त्यात आम्ही एक वाक्य न चुकता घालतो: मुदत ही या कराराची मुख्य अट आहे. मुदत सैल राहिली की जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला घाई उरत नाही, आणि ज्याला मिळायची असते त्याचा धीर सुटतो. पुढे काय होतं ते कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या कुणालाही विचारा.

ओस्लोचा करार हे साठेखत होतं. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनींचे नेते अराफात यांनी हात मिळवले, ते चित्र आम्हीही पाहिलं. त्या दिवशीच्या कागदात फक्त तत्त्वं होती. खरा दस्त दोन वर्षांनी, १९९५ मध्ये झाला. परिशिष्टं धरून तीनशेहून अधिक पानांचा, सोबत नकाशे. वेस्ट बँकेचे, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशाचे, अ, ब आणि क असे तीन भाग केले. अ मध्ये शहरं, तिथं सगळा कारभार पॅलेस्टिनींचा. ब मध्ये गावं, तिथं नागरी कारभार पॅलेस्टिनींचा आणि सुरक्षा इस्रायलची. उरलेला क भाग इस्रायलच्या हाती. पण तो कायमचा नव्हता. पॅलेस्टिनी परिषद स्थापन झाल्यापासून अठरा महिन्यांत, सहा-सहा महिन्यांच्या तीन टप्प्यांत इस्रायलनं सैन्य मागे घ्यायचं आणि तो भाग, अंतिम वाटाघाटीचे विषय वगळून, हळूहळू पॅलेस्टिनींकडे द्यायचा, असं स्पष्ट लिहिलं होतं. अंतरिम काळ एकूण पाच वर्षांचा. ४ मे १९९९ ला तो संपायचा होता.

आजही वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग क मध्येच आहे.

आमच्या दस्तात मिळकतीच्या वर्णनाखाली चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस सरकारी रस्ता. चतुःसीमा रिकामी असलेला दस्त मी टेबलावरून परत पाठवतो. ओस्लोच्या दस्तात ती रिकामी होती. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (पॅलेस्टिनी प्रदेशात बांधलेल्या इस्रायली वस्त्या), हे सगळं 'अंतिम वाटाघाटीत' म्हणून पुढे ढकललं. त्याला माझी हरकत नाही. शंभर वर्षांचं वैर एका बैठकीत मिटत नसतं, आणि अवघड गोष्ट नंतरसाठी ठेवून सोपीपासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे. म्हणूनच एकतिसाव्या कलमात लिहिलं होतं की अंतिम वाटाघाटींचा निकाल लागेपर्यंत वेस्ट बँक आणि गाझा यांची स्थिती बदलेल असं कुठलंही पाऊल दोन्हींपैकी कुणी उचलू नये. साठेखत झाल्यावर जमिनीवर बांधकाम करू नये, तसंच हे. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेतल्या वसाहतींत १ लाख १० हजारांच्या आसपास इस्रायली राहत होते. आज ते ५ लाखांवर आहेत. ही घरं रातोरात उभी राहिलेली नाहीत. एकेक वीट तुमच्या डोळ्यांदेखत चढली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मी मित्राकडे गेलो होतो. अब्राहामची कबर पाहायची म्हणून त्यानं मला गाडीनं वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला नेलं. हेब्रॉनचा वेगळा प्रोटोकॉल जानेवारी १९९७ मध्ये झाला. शहराचे दोन भाग पडले: एच-१, सुमारे ८० टक्के, पॅलेस्टिनींकडे, आणि एच-२, जुनं गाव आणि वसाहती धरून, इस्रायली सैन्याकडे. या एच-२ मध्ये शुहदा रस्ता. एके काळी हा गावचा मुख्य बाजार होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन नावाच्या वसाहतवाल्यानं इब्राहिमी मशिदीत नमाजाला बसलेल्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं, आणि त्यानंतर मेलेल्यांच्याच गावावर निर्बंध आले. रस्ता पूर्ववत करायचं प्रोटोकॉलमध्ये ठरलं. अमेरिकेच्या पैशानं दुरुस्तीही झाली. पुढे २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला आणि रस्ता पुन्हा बंद झाला.

त्या रस्त्यानं आम्ही दोघं चाललो. दोन्ही बाजूंना दुकानांची हिरवी लोखंडी दारं, त्यांच्या कडांना वेल्डिंगचे थर. भर दुपारी अख्ख्या रस्त्यावर आम्ही दोघं, एक कुत्रं आणि दोन सैनिक. टोकाला नाका लागला. पलीकडे एच-१. माझा मित्र इस्रायली नागरिक, त्याला पुढे जायला त्याच्याच देशाच्या कायद्यानं मनाई. माझ्या हातात भारतीय पासपोर्ट. तो म्हणाला, "तू जाऊन ये. मी इथं बसतो." आणि एका बुटक्या भिंतीवर बसला. पिंजऱ्यासारखं फिरतं लोखंडी दार ढकलून मी पलीकडे गेलो. पलीकडे एकदम बाजार: मोसंब्यांचे ढीग, हॉर्न, शाळेतून सुटलेली पोरं. चाळीस पावलांत दुसरा देश.

एका काचसामानाच्या दुकानदारानं मला आत बोलावलं. मरमियाची पानं टाकलेला चहा दिला. मोडकंतोडकं इंग्रजी दोघांचंही. मी काय काम करतो ते कळल्यावर तो उठला, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला. त्याच्या बापाच्या दुकानाचा दस्त. दुकान शुहदा रस्त्यावर, मी नुकताच ज्यावरून चालत आलो होतो त्याच. मला अरबी वाचता येत नाही, पण कागदाचा साचा ओळखता येतो. मधे एका खाली एक चार ओळी होत्या. मी बोट ठेवलं. तो म्हणाला, शमाल, जनूब, शर्क, गर्ब. चतुःसीमा. मग तो बोलत राहिला आणि त्याच्या बोलण्यात मला आपलेच शब्द ऐकू येत गेले: हक्क, हद्द, मुदत. आमच्या दस्तातले निम्मे शब्द तिकडूनच आलेले. मी रोज जे शब्द लिहितो ते त्या माणसाच्या तोंडी असे आले की माझ्यानं चहा पिववेना. ज्या रस्त्यावरून रायगड जिल्ह्यातला मी मोकळा फिरून आलो, त्या रस्त्यावर, स्वतःच्या बापाच्या दुकानासमोर उभं राहायला त्याला बंदी होती.

परत आलो तेव्हा मित्र त्याच भिंतीवर बसलेला. मी त्याला कागदाचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला माझ्या भाचीचं सांगितलंय का?" फेब्रुवारी १९९६ मध्ये जेरुसलेमच्या १८ नंबरच्या बसमध्ये हमासच्या आत्मघातकी माणसानं स्फोट केला. पुढच्याच रविवारी त्याच नंबरच्या बसमध्ये दुसरा. दुसऱ्या दिवशी तेल अवीवला दिझेनगॉफ सेंटरपाशी तिसरा. त्याची भाची तेव्हा जेरुसलेमला नोकरी करत होती. त्यानंतर ती कित्येक महिने रोज पाऊण तास चालत कामाला गेली, पण बसमध्ये चढली नाही. राबिनला मत देणारं त्यांचं घर. मे महिन्यात नेतान्याहूंना मत देऊन आलं. नेतान्याहू एक टक्क्याहूनही कमी फरकानं निवडून आले होते. अशी किती घरं असतील, याचा विचार मी तेव्हापासून करतो.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण करार एका बाजूनंच मोडला असं म्हणणं खोटं ठरेल. पॅलेस्टिनी प्राधिकरणानं दहशतवाद रोखायचा, शस्त्रं गोळा करायची, हे कलम होतं. त्यात कसूर झाली. पोलिसांची संख्या ३०,००० च्या आत ठेवायची होती. ती ओलांडली गेली. हमासनं तर करारच मानला नाही आणि तो उधळण्यासाठी माणसं मारली. प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, आणि त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झाली नाही. दुसऱ्या बाजूला, राबिनना मारलं ते एका ज्यू तरुणानं, तुमच्या सह्यांची शाई वाळून पाच आठवडे झाले असतील तेव्हा. सैन्य मागे घ्यायचा तिसरा टप्पा झालाच नाही. गाझा आणि वेस्ट बँक हा एकच प्रदेश मानायचा आणि दोहोंमध्ये सुरक्षित रस्ता द्यायचा, असं ठरलं होतं. तो ऑक्टोबर १९९९ मध्ये उघडला आणि वर्षभरात बंद झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये पुन्हा लिहून दिलं की १५ डिसेंबरपासून गाझा ते वेस्ट बँक बसगाड्या सुरू होतील. एकही सुटली नाही.

आता माझं म्हणणं. कसूर दोघांनी केली, हे जगाला ठाऊक आहे. पण कुठल्या तारखेला, कुठलं कलम, कुणी मोडलं, हे ठरवून जाहीर सांगणारं कुणी नव्हतं. १९९३ च्या कागदात पंधरावं कलम पाहा. वाद झाला तर आधी दोघांच्या संयुक्त समितीत बोला, मग समेटाचा प्रयत्न करा, मग लवादाकडे जा. पण लवाद दोघांची संमती असेल तरच. १९९५ च्या करारानंही तेच पुढे चालवलं. ज्यानं मोडलं त्याची संमती असेल तर चौकशी! असं कलम कुणी माझ्याकडे घेऊन आला असता तर मी त्याला दोनदा विचारलं असतं, नक्की हेच लिहू का.

याचा परिणाम असा झाला की प्रत्येक बाजूनं आपलं कर्तव्य समोरच्याच्या कसुरीला टांगून ठेवलं. बॉम्ब फुटला, म्हणून सैन्य मागे घेणं थांबलं. सैन्य मागे गेलं नाही, म्हणून शस्त्रं गोळा करणाऱ्या पॅलेस्टिनी अधिकाऱ्याला त्याच्याच गल्लीत गद्दार म्हणू लागले. पाण्याचंच घ्या. १९९५ च्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या चाळिसाव्या कलमात इस्रायलनं पॅलेस्टिनींचा पाण्यावरचा हक्क मान्य केला, तपशील पुढे. तोवरची गरज म्हणून वर्षाला २ कोटी ८६ लाख घनमीटर जादा पाणी उपलब्ध करायचं ठरलं आणि एक संयुक्त जलसमिती नेमली, जिचा प्रत्येक निर्णय एकमतानं व्हायचा. पॅलेस्टिनींना विहीर खणायची तर या समितीची मंजुरी हवी. वसाहतींच्या पाण्याच्या योजनांना मंजुरी देण्याची अट इस्रायलनं घातली म्हणून पॅलेस्टिनी बैठकीला जाईनासे झाले, आणि २०१० पासून २०१७ पर्यंत समिती बसलीच नाही. ही व्यवस्था पाच वर्षांसाठी होती. त्या अवधीत तिथं किती मुलं जन्मली आणि मोठी झाली ते धरा. वेस्ट बँकेतल्या गावात गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग दिसते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक घरानं आपलं साठवायचं. वसाहतींच्या गच्च्यांवर तशी रांग नाही. गाडीतून जाताना कोणतं गाव कुणाचं, हे मी टाक्या पाहून ओळखायला शिकलो.

पैशाचंही तेच. १९९४ च्या पॅरिस प्रोटोकॉलप्रमाणे पॅलेस्टिनींचा आयात कर इस्रायल गोळा करतो, तीन टक्के हाताळणी कापतो आणि दर महिन्याला उरलेलं त्यानं द्यायचं असतं. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा हाच. राजकारण बिघडलं की रक्कम कापतात किंवा अडकवतात. २०२१ च्या अखेरीपासून तिथल्या शिक्षकाला, नर्सला पूर्ण पगार नाही.

हेब्रॉनमध्ये तुम्ही निरीक्षक नेमले होते. टिफ नावाचं आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक: नॉर्वे समन्वयाला, सोबत इटली, स्वीडन, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान. ही माणसं शस्त्राविना रस्त्यावर उभी राहत. मार्च २००२ मध्ये त्यांच्यातली दोघं गोळीबारात मारली गेली, तरी पथक राहिलं. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांना जे दिसे ते लिहून ते फक्त दोन्ही पक्षांना आणि आपापल्या सरकारांना देत. बाहेर नाही. वीस वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर घटनांच्या नोंदी केल्या, हेसुद्धा जगाला कळलं ते डिसेंबर २०१८ मध्ये एका इस्रायली वर्तमानपत्रानं छापलं तेव्हा. पुढच्याच महिन्यात इस्रायलनं त्यांची मुदत वाढवायला नकार दिला. ३१ जानेवारी २०१९ ला पथक निघून गेलं. नोंदी कुठल्यातरी कपाटात राहिल्या.

साक्षीदारानं पाहिलेलं सांगायचं नसेल, तर त्याची सही कशाला?

हे तीस वर्षांपूर्वीचं उगाळत बसलो नसतो. पण १० ऑक्टोबर २०२५ ला गाझात युद्धविराम लागू झाला, तीन दिवसांनी शर्म अल-शेखला तुम्हा चौघांच्या सह्या झाल्या, आणि मी त्या कागदांचा मजकूर मिळेल तिथून मिळवून वाचायला बसलो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासनं सुमारे १,२०० जणांना मारलं, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात ७० हजारांवर माणसं मेली, असं तिथलं आरोग्य मंत्रालय सांगतं. एवढ्यानंतर हा कागद झाला. शेवटचे वीस जिवंत ओलीस घरी आले, त्या दिवशी लोदहून फोनवर माझा मित्र रडत होता. हा युद्धविराम टिकावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्यातली भोकं दिसली ती सांगतो.

सह्या करणारे चार: अमेरिका, इजिप्त, कतार, तुर्कस्तान. ज्यांनी पाळायचं ते दोघं त्या मेजावर नव्हते. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेनं २८०३ क्रमांकाचा ठराव केला. शांतता मंडळ नेमलं, आंतरराष्ट्रीय फौजेला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत परवानगी दिली. मंडळाला तारीख आहे, फौजेला तारीख आहे. इस्रायलच्या सैन्यानं गाझा सोडायला मात्र तारीख नाही. तिथं लिहिलंय की निकष, टप्पे आणि कालमर्यादा नंतर आपसात ठरवू, त्याही शस्त्रं खाली ठेवण्याशी जोडून. हमासनं शस्त्रं कुणाला, किती आणि कधी द्यायची, तेही मोघम. युद्धविराम झाला तेव्हा गाझाचा सुमारे ५३ टक्के भाग सैन्याच्या हाती राहिला आणि हद्दीवर पिवळे काँक्रीटचे ठोकळे ठेवले गेले. मी क भाग पाहून आलेला माणूस आहे. तात्पुरत्या रेषेवर काँक्रीट टाकलेलं पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

त्याआधीच्या, जानेवारी २०२५ च्या युद्धविरामाचं काय झालं तेही आठवा. पहिला टप्पा ४२ दिवसांचा. दुसऱ्या टप्प्याची बोलणी सोळाव्या दिवशी सुरू करायची होती. ती खऱ्या अर्थानं सुरूच झाली नाहीत. ४२ दिवस संपले, मदतीचे ट्रक थांबले, आणि १८ मार्चच्या पहाटे विमानं परत आली. सतराव्या दिवशी तुमच्यापैकी एकानं जरी उभं राहून सांगितलं असतं, की काल बोलणी सुरू व्हायची होती, ती अमक्यानं टाळली, तर कदाचित काही फरक पडला असता.

म्हणून माझं तुम्हाला एकच मागणं आहे: साक्षीदार होऊन थांबू नका, जामीन राहा. जामीन हा शब्दही आम्हाला अरबीनंच दिला. त्या दुकानदाराला तो सांगावा लागणार नाही. जामीन राहणाऱ्यावर जबाबदारी येते, त्याला हिशेब द्यावा लागतो. शांतता मंडळानं दर सहा महिन्यांनी सुरक्षा परिषदेला लेखी अहवाल द्यायचा आहे. तो कलमवार द्यायला लावा. किती ट्रक ठरले होते आणि किती आत गेले, कुठली शस्त्रं जमा झाली, सैन्य किती मागे आलं, कुणी गोळी झाडली आणि कोण मेलं. तारखेनिशी, अरबीत आणि हिब्रूत, म्हणजे गाझातल्या खान युनिसच्या आणि लोदच्या माणसाला तो स्वतः वाचता येईल. आणि कलम मोडल्याचा निवाडा करणारं कुणीतरी नेमा, ज्याला मोडणाऱ्याची संमती लागणार नाही. सैन्य मागे घ्यायलाही तारीख घाला आणि शस्त्रं ठेवायलाही. एकाची तारीख चुकली म्हणून दुसऱ्याची आपोआप पुढे जाणार नाही, अशा रीतीनं. नवं कलम ज्याला हवं त्यानं सुचवावं. मला लिहायला लावलंत तर एका पानात बसेल.

या पत्राची एक प्रत आमच्या परराष्ट्र मंत्रालयाला पाठवत आहे. भारतानं पॅलेस्टाईनला १९८८ मध्ये मान्यता दिली, इस्रायलशी पूर्ण संबंध १९९२ मध्ये जोडले. आपलं कार्यालय रामल्लाला आहे आणि दूतावास तेल अवीवला. दोन्ही घरी ज्याचं उठणं-बसणं आहे त्यानं 'द्विराष्ट्र तोडगा हवा' एवढं म्हणून थांबू नये. कुठलं कलम केव्हा पाळलं जाणार, हे दोघांनाही विचारावं.

आणि नॉर्वेच्या सरकारला वेगळी विनंती. हेब्रॉनच्या त्या चाळीस हजार नोंदी तुमच्याकडे असतील, त्या उघड करा. माणसांची नावं झाका, बाकी सगळं छापा. त्या नोव्हेंबरच्या दुपारी मी फिरत्या दारातून एच-१ मध्ये गेलो, तेव्हा तुमच्या पथकातली दोघं नाक्याजवळ उभी होती. एक बाई, एक पुरुष. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. तासाभरानं मी परत आलो तरी त्या लिहीतच होत्या, आणि माझा मित्र भिंतीवर बसून त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी काय लिहिलं ते मला वाचायचं आहे. त्या दुकानदारालाही वाचायचं असेल.

आपला नम्र,
एक दस्तलेखक
अलिबाग, जि. रायगड